पडलेला कॅमेरा: काय तपासायचं, काय करायचं, कुणाला सांगायचं

(पाटोदा येथे १९ ऑगस्ट, जागतिक छायाचित्रण दिनानिमित्त स्थानिक छायाचित्रकार आणि विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



तुमच्यातल्या एकाचा फोन आला तेव्हा मी पहिल्यांदा हेच विचारलं, की बाबा, माझा विषय तत्त्वज्ञान. फोटोग्राफीच्या दिवशी माझं काय काम? तिकडून उत्तर आलं, "सर, या सीझनला आमच्यातल्या तिघांचे कॅमेरे पडले. त्यातले दोघं आता एकमेकांशी बोलत नाहीत." तेव्हा वाटलं, की काम आहे.

१९ ऑगस्ट १८३९ या दिवशी फ्रेंच सरकारने दागेरची छायाचित्रणाची पद्धत सगळ्यांसाठी खुली केली, म्हणून आजचा दिवस. त्या वेळचा कॅमेरा म्हणजे तिवईवर ठेवायची लाकडी पेटी. ती गळ्यात अडकवून कुणी सौताड्याच्या कड्यावर जात नव्हतं, की मंगलाष्टकं चालू असताना खुर्चीवर उभं राहत नव्हतं. तुम्ही मात्र दोन्ही करता. सौताड्याला खाली विंचरणेचं पाणी, सगळीकडे शेवाळ, आणि प्री-वेडिंगचं जोडपं म्हणतंय, "दादा, अजून थोडं मागून घ्या." नायगावच्या मयूर अभयारण्यात पहाटेच्या अंधारात दगडाधोंड्यांतून चालायचं. मांडवात तर विचारूच नका. स्टेजच्या फळ्या हलतात, पोरं ट्रायपॉडच्या पायात पाय घालतात, आणि अक्षता टाकायला उठलेला पाहुणा कोपर मारून जातो. म्हणजे कॅमेरा पडणार. कधी ना कधी पडणारच. मी यातलं थोडं हौशी म्हणून शिकलो आणि थोडं एका चुकीमुळे शिकलो. ती चूक पुढे सांगतो.

आधी पडताना काय होतं ते बघू. छातीच्या उंचीवरून, म्हणजे साधारण सव्वा मीटरवरून कॅमेरा निसटला, तर जमिनीवर यायला त्याला जेमतेम अर्धा सेकंद लागतो. टेकताना त्याचा वेग असतो ताशी साडेसतरा किलोमीटरच्या आसपास. हा काही फार नाही, सायकल याच वेगाने जाते. मग एवढं नुकसान का? कारण नुकसान नुसत्या वेगाने ठरत नाही, तो वेग किती अंतरात थांबतो यावर बरंचसं ठरतं. शहाबादी फरशीवर किंवा आपल्या बालाघाटाच्या काळ्या पाषाणावर तो एका मिलिमीटरमध्ये थांबला, तर त्या क्षणी त्याच्यावर त्याच्या वजनाच्या सरासरी बाराशे पट जोर येतो. बॉडी आणि लेन्स मिळून दीड किलो धरा. म्हणजे एका कोपऱ्यावर क्षणभर पावणेदोन टनांचा भार. तोच कॅमेरा नांगरलेल्या रानात पडला आणि दोन-अडीच सेंटिमीटर मातीत रुतला, तर जोर पन्नास-साठ पटींवर येतो. उंची तीच, वेग तोच. म्हणून "फार उंचावरून नाही पडला हो" हे वाक्य मला पटत नाही. किती उंचावरून याच्याइतकंच कशावर पडला तेही विचारायला हवं.

इथेच हूडचा उपयोग कळतो. तुम्ही लोक हूड उलटं लावून फिरता, ते नुसतं शोभेला. सरळ लावलेलं प्लास्टिकचं हूड पडताना वाकतं, दबतं, कधी तुटतं. ते सेंटिमीटरभर दबलं तरी थांबायचं अंतर दहा पट वाढलं आणि जोर दहाव्या हिश्श्यावर आला. दुकानात मिळतं त्यातला सगळ्यात स्वस्त विमा आहे तो.

आणि फिल्टर? त्यावर तुमच्यात वाद आहे हे मला माहीत आहे. एकजण म्हणतो, "माझी लेन्स पडली, फिल्टरचा चुरा झाला, लेन्सला ओरखडा नाही. फिल्टरने वाचवली." आपल्याकडे एक जुना न्याय आहे, काकतालीय न्याय. कावळा ताडावर बसला आणि त्याच क्षणी फळ पडलं. बघणारा म्हणतो, कावळ्याने पाडलं. फिल्टरची काच लेन्सच्या पुढच्या काचेपेक्षा कितीतरी पातळ असते. ती फुटली यावरून एवढंच सिद्ध होतं, की ती फुटण्याजोगी होती. फिल्टर नसता तर लेन्सची जाड काच फुटलीच असती हे त्यावरून निघत नाही. उलट कधीकधी त्या फुटलेल्या फिल्टरचे तुकडेच लेन्सवर ओरखडे काढतात. धूळ, पाणी, हळद, गुलाल यांच्यासाठी फिल्टर जरूर लावा. पडण्यापासून वाचवायला मात्र हूडवर जास्त भरवसा ठेवा.

आता कॅमेरा पडला. पहिली पाच मिनिटं.

माणसाचा हात पहिल्यांदा जातो तो स्विचकडे. चालू होतो का बघू! ही घाई करू नका. आधी जमिनीकडे बघा. एखादा स्क्रू, रबराची पट्टी, काचेचा तुकडा पडलाय का. तो उचलून कागदात बांधा, दुरुस्तीवाल्याला लागेल. कार्डावर लिहिणं चालू असल्याचा दिवा लुकलुकत असेल तर तो विझू द्या, मग बंद करा, बॅटरी काढा, कार्ड काढा. कार्ड सगळ्यात महत्त्वाचं. कॅमेरा पैशाने परत येतो, सकाळची हळद परत येत नाही. पाण्यात पडला असेल तर नियम वेगळा: दिव्याचीही वाट बघू नका, ताबडतोब बॅटरी काढा.

मग नुसत्या डोळ्यांनी बघा, काही फिरवू नका. झूम रिंग अडकली असेल तर जोर लावू नका. आत वाकलेला भाग असेल तर तुमच्या जोराने तो आणखी वाकतो. फिल्टर फुटला असेल तर लेन्सचं तोंड खाली करा, म्हणजे तुकडे आपल्या वजनाने पडतील, उरलेले ब्लोअरने उडवा. रुमालाने पुसायचं नाही! तो पॉलिश पेपरच होईल. फिल्टरची कडी वाकून बसली असेल तर मांडवात पक्कड मागू नका.

आणि घरी नेऊन उघडू नका. मला माहीत आहे, कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी चित्रपटाचा कॅमेरा स्वतः घडवला, १९१८ च्या सुमारास तो तयार झाला आणि त्यावर पुढे चित्रपट निघाले. पण ते यंत्रातले कारागीर होते आणि त्यामागे काही वर्षांची खटपट होती. तुम्ही व्हिडिओ बघून बसणार. ज्या कॅमेऱ्याला आतला फ्लॅश असतो त्याच्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या आसपास व्होल्ट साठलेले असतात, बॅटरी काढल्यावरही ते काही काळ टिकतात. फ्लॅशगनमध्येही तेच. कॅमेऱ्याबरोबर तुम्हालाही दुरुस्तीला न्यावं लागेल. (हशा)

आता खरा अवघड भाग. बाहेरून काही दिसत नाही, कॅमेरा चालू होतो, फोटो येतो. मग झालं का? बहुतेक भांडणं इथेच सुरू होतात, म्हणून इथे थोडा वेळ घेतो.

लेन्सचा माउंट, म्हणजे बॉडीला जोडायची ती कडी, आणि सेन्सर यांच्यातलं अंतर ठरलेलं असतं. निकॉनच्या जुन्या एफ माउंटला साडेसेहेचाळीस मिलिमीटर, कॅननच्या ईएफला चव्वेचाळीस. नव्या मिररलेसमध्ये ते आणखी कमी, सोनीला अठरा, निकॉन झेडला सोळा. हे अंतर चारी बाजूंनी सारखं लागतं. किती सारखं? फुल फ्रेमवर लेन्स एफ २ ला उघडी असेल, तर सेन्सरजवळ मिळणारी सूट असते मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढी, तीही पुढची-मागची मिळून. म्हणजे एका बाजूला एखाद-दुसऱ्या केसाएवढी. पडल्यावर माउंट एका बाजूने तेवढा कलला, तर फोटोची एक बाजू मऊ पडणार. पण एफ ८ ला तीच सूट चौपट होते. मग दोष झाकला जातो.

लक्षात आलं का? दुपारच्या उन्हात, एफ ८ ला, अंगणातल्या तुळशीचा फोटो काढून तुम्ही म्हणता, "काही झालं नाही." रात्री मांडवात लेन्स पूर्ण उघडी करून वधूवरांचा ग्रुप काढला, की डावीकडच्या मामा-मावश्या धूसर. तपासायचं असेल तर जिथे दोष उघडा पडतो तिथे तपासा.

माउंटबद्दल आणखी एक. प्लास्टिकचा माउंट तुटतो, धातूचा किंचित वाकतो किंवा त्याचे स्क्रू ओढले जातात. तुटलेलं दिसतं, वाकलेलं दिसत नाही. म्हणून महागड्या लेन्सच्या बाबतीत जास्त संशयी राहा.

तपासणी साधी आहे. शाळेच्या भिंतीवर वर्तमानपत्राची पानं सपाट चिकटवा, फ्रेम भरेल एवढी. कॅमेरा ट्रायपॉडवर, भिंतीला अगदी समांतर. लेन्स पूर्ण उघडी, टायमरवर फोटो. मग चारी कोपरे मोठे करून बघा. चारी कोपरे सारखेच थोडे मऊ असतील तर तो त्या लेन्सचा स्वभाव आहे. एकच बाजू किंवा एकच कोपरा मऊ असेल तर संशय घ्या. पण लगेच निकाल देऊ नका, कारण तुमचाच कॅमेरा भिंतीशी तिरपा असू शकतो. कॅमेरा उलटा करून तोच फोटो पुन्हा काढा. दोष भिंतीच्या त्याच बाजूला राहिला तर मांडणी चुकली. दोष कॅमेऱ्याबरोबर फिरून भिंतीच्या दुसऱ्या बाजूला गेला, तर तो कॅमेऱ्यात किंवा लेन्समध्ये आहे.

कॅमेऱ्यात की लेन्समध्ये? इथे आमच्या नैय्यायिकांची पद्धत वापरा, अन्वय-व्यतिरेक. जे असताना दोष असतो आणि जे नसताना दोष नसतो, ते कारण. मित्राची लेन्स तुमच्या बॉडीवर लावा. दोष गेला, तर तुमच्या लेन्सवर संशय. राहिला, तर बॉडीवर. तुमची लेन्स दुसऱ्याच्या बॉडीवर लावायची मात्र जपून. माउंट वाकलेला दिसत असेल किंवा फिरवताना अडत असेल तर लावूच नका, नाहीतर एकाच्या दोन दुरुस्त्या होतील. डीएसएलआर असेल तर आणखी एक खूण आहे. डोळ्याने व्ह्यूफाइंडरमधून फोकस केलेला फोटो चुकतो आणि मागच्या स्क्रीनवर लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस केलेला बरोबर येतो, तर काच बहुतेक ठीक आहे; बॉडीतला आरसा किंवा फोकसचा सेन्सर हलला आहे. एवढं कागदावर लिहून नेलं की दुरुस्तीवाला तुम्हाला वेगळ्याच आदराने वागवतो.

कानाजवळ नेऊन हलवून बघणारेही आहेत. "सर, आत खुळखुळ वाजतंय, गेली!" ज्या लेन्समध्ये हादरे रोखायची सोय असते, तिच्यातला एक भाग बंद असताना मोकळाच असतो. नवी कोरी लेन्ससुद्धा वाजते. काही मिररलेस बॉडीही वाजतात, त्यांचा सेन्सर मोकळा असतो म्हणून. जी खूण चांगल्यातही सापडते आणि वाईटातही, तिला न्यायशास्त्रात सव्यभिचारी हेतू म्हणतात. तिच्यावरून काहीच सिद्ध होत नाही. पडायच्या आधी वाजत नव्हती आणि आता वाजते, हा मात्र पुरावा. त्यासाठी आधी कशी वाजत होती ते माहीत हवं. म्हणून चांगली असताना एकदा वर्तमानपत्राचा तो फोटो काढून ठेवा, पुढे ताडून बघायला.

आणि पुढच्या काचेवर छोटा ओरखडा पडला म्हणून लेन्स टाकून देऊ नका. ती काच फोकसपासून इतकी लांब असते, की ओरखडा फोटोत उमटत नाही. फार तर उजेड समोरून आला की थोडी चमक येते. दिसणारा दोष पुष्कळदा निरुपद्रवी असतो आणि न दिसणारा महाग पडतो.

मुहूर्ताला दहा मिनिटं आहेत आणि एकच कॅमेरा आहे, तोच पडला, तर काय? आता सांगितलं तेच उलटं वापरा. एफ ८ ला या, फ्लॅश लावा, माणसं मधोमध ठेवा, कडेला जागा सोडा, फोकस स्क्रीनवरून घ्या. कार्यक्रम निभावेल. पण घरच्यांपैकी एका जबाबदार माणसाला तेव्हाच सांगा, की असं असं झालंय. हे सांगणं का, त्यासाठी आता माझी गोष्ट.

१९८४ साल. मी प्राध्यापक होऊन फार दिवस झाले नव्हते. मुलांची सहल सौताड्याला आणायची होती. ज्या गावी शिकवत होतो तिथल्या एका स्टुडिओवाल्याने विश्वासाने त्याचा रशियन झेनिट दिला. भाडं घेतलं नाही. पायऱ्या उतरताना माझा पाय घसरला. कॅमेरा गळ्यात होता, पडला नाही, पण पट्ट्यावर झोका खाऊन कातळावर आपटला. मागच्या दाराचा कोपरा किंचित दबला. मी अंगठ्याने तो सरळ केला. दार लागलं. मी स्वतःला म्हटलं, काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी पुसून परत दिला. तो म्हणाला, "कशी झाली सहल?" मी म्हटलं, "छान."

फिल्मच्या कॅमेऱ्याचं मागचं दार म्हणजे अंधाराची भिंत. त्या कोपऱ्यातून उजेड शिरायला लागला. पुढच्या आठवड्यात त्याने त्याच कॅमेऱ्यावर एक लग्न काढलं. रोल धुऊन आला तर फ्रेममागून फ्रेम पांढरट-केशरी पट्टा. मुलीकडच्यांनी पैसे दिले नाहीतच, वर ॲडव्हान्स परत घेतला. हे मला त्यानेच त्याच्या दुकानात चहा पाजत सांगितलं. म्हणाला, "आमच्या पोराने आपटला असणार. विचारलं तर नाही म्हणतो. काढून टाकला त्याला."

मी चहा संपवला आणि उठलो.

सहा महिन्यांनी जाऊन सांगितलं. पैसेही घेऊन गेलो होतो. पैसे त्याने घेतले. बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "सर, आता त्या पोराला कुठं शोधू? पुण्याकडे गेला म्हणतात."

त्या वर्षी मी वर्गात ॲरिस्टॉटल शिकवत होतो, हे विशेष. त्याच्या नीतिशास्त्राच्या पाचव्या भागात तो दुसऱ्याला होणाऱ्या नुकसानीचे प्रकार सांगतो. कुणाला अपेक्षाच करता आली नसती असं घडलं, तर ते दुर्दैव. अपेक्षा करता आली असती पण वाईट हेतू नव्हता, तर ती चूक. जाणूनबुजून केलं, तर अन्याय. शेवाळावरच्या पायरीवर पाय घसरणं दुर्दैव की चूक, यावर आपण तासभर वाद घालू शकतो. चपला घालून उतरलो होतो, म्हणून मी ती चूक धरतो. पण "छान" हा शब्द कोणत्या खान्यात जातो, यावर वाद नाही. त्या पोराची नोकरी गेली ती कातळामुळे गेली नाही.

बर्नार्ड विल्यम्स नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने १९७६ साली एक उदाहरण दिलं होतं. ट्रक चालवणाऱ्याची काही चूक नाही, तरी त्याच्या ट्रकखाली मूल येतं. आपण त्याला धीर देतो, तुझी चूक नाही म्हणतो. पण तो फारच लवकर "हो, माझी चूक नाही" म्हणून मोकळा झाला, तर आपल्याला खटकतं. कॅमेऱ्याची तुलना जिवाशी करायची नाहीये, पण रीत तीच. "जाऊ दे रे, होतं असं" हे वाक्य मालकाने म्हणायचं असतं. ज्याच्या हातून पडला त्याने नाही.

आता पैसे कुणी भरायचे? आपला करार कायदा १८७२ चा. वस्तू कामापुरती दुसऱ्याच्या ताब्यात देणं आणि काम झालं की परत घेणं, याला वकील बेलमेंट म्हणतात. कलम १५१ म्हणतं, साधा विचारी माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी घ्या. १५२ म्हणतं, तेवढी घेतली असेल आणि वेगळा करार नसेल, तर नुकसानीची जबाबदारी नाही. म्हणजे प्रश्न "कुणाच्या हातात होता" एवढ्यावर संपत नाही; पट्टा गळ्यात होता का, ट्रायपॉडची खिट्टी आवळली होती का, हे विचारलं जातं. पाटोद्यात पवनचक्क्या उगीच उभ्या नाहीत. माळावर ट्रायपॉड लावून मधल्या दांड्याला पिशवी न लटकवता तुम्ही बाजूला गेलात, तर "वाऱ्याने पडला" हे उत्तर पुरेल असं मला वाटत नाही.

मग कलम १५४. ज्या कामासाठी दिली त्याहून वेगळ्या कामाला वापरली, तर काळजी घेऊनही भरपाई द्यावी लागते. कायद्यात कॅमेरा नाही, घोडा आहे. एकाने दुसऱ्याला स्वतः बसायला म्हणून घोडा दिला. त्याने तो घरच्या तिसऱ्याला दिला. तिसऱ्याने नीट चालवला, तरी घोडा अपघाताने पडला आणि जखमी झाला. भरपाई दुसऱ्याने द्यायची. लग्नासाठी आणलेला कॅमेरा वाटेत सौताड्याला प्री-वेडिंगला वापरणाऱ्यांनी हा घोडा लक्षात ठेवावा.

कलम १५० देणाऱ्यासाठी आहे. वस्तूतला माहीत असलेला दोष देणाऱ्याने सांगायला हवा. भाड्याने देत असेल तर माहीत नसलेल्या दोषाचीही जबाबदारी त्याच्यावर येते. म्हणून भाड्याने देताना आणि परत घेताना दोघांनी मिळून वर्तमानपत्राचा तो फोटो काढा. पाच मिनिटांचं काम आहे. तुमच्यातले दोघं बोलत नाहीत ना, त्यांच्यात एवढीच एक गोष्ट झालेली नाही. लेन्स आधीपासून तिरपी होती की नंतर झाली, हे आता कुणालाच सांगता येत नाही.

कंपनीच्या वॉरंटीत पडझड सहसा येत नाही, तिच्यावर विसंबू नका. विमा घेताना "अपघाती नुकसान" हे शब्द पॉलिसीत आहेत का वाचा, आणि बिल व सीरियल नंबरचा फोटो फोनमध्ये ठेवा. दुरुस्तीला पुण्याला पाठवा किंवा मुंबईला बोरा बाजारात न्या, आधी लेखी अंदाज मागा आणि दुरुस्तीनंतर पुन्हा भिंतीवरचा फोटो काढा. आणि "पडला" हे लपवू नका. डॉक्टरला खोटं सांगण्यातलाच प्रकार आहे तो. काय झालं, कोणत्या बाजूवर आपटला हे कळलं तर तो नेमकं तिथे बघेल.

कुणाला काही विचारायचंय?

(एका श्रोत्याने विचारलं: सर, जुना कॅमेरा विकताना "पडलेला आहे" असं सांगितलं की गिऱ्हाईक भाव निम्म्यावर आणतं. दुरुस्त करून नीट चालतोय, तर सांगायलाच पाहिजे का?)

प्रश्न प्रामाणिक आहे. कायदा इथे तुमच्या बाजूने थोडा झुकतो, ते आधी सांगतो. कलम १७ प्रमाणे नुसतं गप्प बसणं म्हणजे फसवणूक नव्हे. तिथेही घोडाच आहे, लिलावात विकलेला. दोष माहीत असून विकणारा काही बोलला नाही, तरी ती फसवणूक धरलेली नाही. पण त्याच कलमात पुढे आहे: घेणारा म्हणाला, "तू नाही म्हणाला नाहीस, तर घोडा धड आहे असं मी धरून चालेन." त्यावरही विकणारा गप्प बसला, तर ते गप्प बसणं म्हणजेच बोलणं. तेव्हा तुम्ही घ्यायला जाल तेव्हा असंच विचारा, शक्यतो व्हॉट्सॲपवर: "हा कधी पडलेला नाही असं धरून चालू ना?" आणि विकाल तेव्हा समोरचा असं विचारेल हे गृहीत धरा.

आता माझं मत. दुरुस्तीने दोष जातो, पडणं जात नाही. नैय्यायिक प्रध्वंसाभाव सांगतात. घडा फुटला की त्याच्या नसण्याला सुरुवात असते, शेवट नसतो. खापऱ्या जोडल्या तरी न फुटलेला घडा परत येत नाही. ते "पडलेपण" त्या वस्तूच्या इतिहासात कायमचं राहतं, आणि घेणारा पैसे इतिहासासकट मोजतो. मी तर जाहिरातीतच लिहीन: अमुक महिन्यात डाव्या कोपऱ्यावर पडला, माउंट बदलला, हे बिल, हे चारी कोपऱ्यांचे फोटो. भाव पडेल, नाही असं नाही. पण निम्म्यावर येतो तो संशयामुळे. बिल आणि फोटो समोर ठेवले तर घासाघीस दुरुस्तीच्या रकमेभोवती होईल, अशी माझी अटकळ आहे. मी काही व्यापारी नाही, करून बघा.

(दुसरा प्रश्न: सर, पट्टा गळ्यात असला की पडत नाही ना?)

माझ्या झेनिटला विचारा! पट्टा पडू देत नाही, आपटू देतो. वाकताना एक हात कॅमेऱ्यावर ठेवायचा. पट्ट्याचे टाके आणि कड्या दर सीझनला बघायच्या. आणि बांधलेलं सुटतंच. मायकेल कॉलिन्सचा हॅसलब्लाड १९६६ साली जेमिनी १० च्या मोहिमेत अंतराळात निसटला. आपल्या सुनीता विल्यम्स यांच्याही हातून डिसेंबर २००६ मध्ये स्पेसवॉक करताना एक कॅमेरा सुटून गेला. तिथे फरशी नाही एवढाच फायदा.

(तिसरा प्रश्न: पाण्यात पडला तर तांदळात ठेवायचा का?)

नको. तांदळाची भुकटी आत जाते आणि पाणी काही ओढून निघत नाही. बॅटरी-कार्ड काढा, लेन्स काढून दोन्ही कोरड्या कपड्यावर वाऱ्याला ठेवा. उन्हात नको, हेअर ड्रायर नको. दोन दिवस चालू करून बघायचा मोह टाळा आणि तसाच दुरुस्तीला न्या. तांदळाची खिचडी करा.